'शट अप शॉप' कुठे म्हणायचं आणि कुठे नाही: धंदा बंद झाल्याचं इंग्रजी, नवख्यांसाठी

इंग्रजी शाळेत शिकलोय पण आता कामावर रोज बोलायची, वाचायची वेळ आलीय अशा मंडळींसाठी हे लिहितोय. कळंगुटच्या हॉटेलात रिसेप्शनवर बसणारी पोरं, टुरिस्ट टॅक्सीवाले, पणजीत सीएच्या ऑफिसात नुकतीच लागलेली मुलं, पेपरच्या डेस्कवर इंग्रजी बातमीचं मराठी करणारे, या सगळ्यांना एक प्रकार हमखास भेटतो तो म्हणजे कुठला तरी धंदा बंद झाल्याची बातमी. आणि ती सांगायला इंग्रजीत एक नाही, दहा-पंधरा शब्दप्रयोग आहेत, डिक्शनरीत बघायला गेलात तर सगळ्यांसमोर तेच, 'व्यवसाय बंद करणे'. पण प्रत्यक्षात एकाच्या जागी दुसरा टाकला तर एखाद्या भल्या माणसाचं दिवाळं तुम्ही घरबसल्या काढून मोकळे होता. गोवा लहान आहे हो, म्हापशात सकाळी बोललेलं दुपारच्या आधी काणकोणात पोचतं.

तर या सगळ्या गोतावळ्यात मुख्य प्रयोग आहे 'शट अप शॉप'. हा इंग्लंडकडचा, अमेरिकन माणूस सहसा 'क्लोज अप शॉप' म्हणतो, अर्थ तोच. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो कारण 'शट अप' म्हटलं की आपल्याला फक्त 'गप्प बस' एवढंच माहीत असतं. इथे त्याचा गप्प बसण्याशी काही संबंध नाही. 'शट' म्हणजे बंद करणं आणि पुढचा 'अप' हा पूर्णपणा दाखवायला येतो, जसं 'ईट अप' म्हणजे सगळं खाऊन टाक, तसं 'शट अप' म्हणजे पुरतं बंद करून टाक, कड्या-कुलपं लावून. बोलताना जोर 'शॉप'वर द्या आणि तिन्ही शब्द एका दमात म्हणा. 'शट अप' म्हणून मध्ये थांबलात आणि मग 'शॉप' म्हणालात तर समोरचा गिऱ्हाईक आधी लाल होईल.

दुकानच असायला पाहिजे असंही नाही. वकिलाने प्रॅक्टिस सोडली, डॉक्टरने क्लिनिक बंद केलं, कारखाना थांबला, मासिक छापायचं बंद झालं, एखाद्या कमिटीने काम गुंडाळलं, सगळीकडे चालतं. आणि रात्री नऊ वाजता कामत आपलं स्टेशनरीचं दुकान आवरून घरी निघाले तरी त्यालासुद्धा 'शट अप शॉप'च म्हणतात. म्हणजे आजच्या पुरतं आवरणं आणि कायमचं गुंडाळणं, दोन्ही एकाच प्रयोगात! इथूनच गोंधळाला सुरुवात होते, म्हणून बोलायच्या आधी स्वतःला काही प्रश्न विचारायची सवय लावायची.

पहिली पायरी: किती दिवसांसाठी बंद?

गोव्यात तर हा प्रश्न सगळ्यात आधी. दुपारी एक वाजला की मडगाव काय नि फोंडा काय, अर्धा बाजार जेवून आडवा होतो आणि साडेतीन-चारला परत उघडतो. याला इंग्रजीत 'क्लोज्ड फॉर लंच' किंवा नुसतं 'शट अंटिल फोर' म्हणायचं. 'शट डाऊन' म्हणायचं नाही. परदेशी पाहुण्याने रिसेप्शनला विचारलं की ती समोरची फार्मसी का बंद आहे आणि तुम्ही सांगितलंत 'इट हॅज शट डाऊन', तर तो बिचारा ताप अंगावर घेऊन दुसरी शोधत फिरेल, कारण त्याने ऐकलं की फार्मसी संपली. 'शट' आणि 'शट डाऊन' यात एवढा फरक आहे.

दुसरं उदाहरण शॅकचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांबूच्या खानावळींचं. सीझन संपला की मे अखेरपर्यंत शॅक उतरवून किनारा मोकळा करायचा, पावसाळा गेला की परत बांबू उभे करायचे, हे दरवर्षीचंच. शॅकवाल्याने 'वुई हॅव शट अप शॉप' म्हटलं तर चुकीचं नाही, पण ऐकणाऱ्याला कळत नाही की पुढच्या वर्षी यायचं की नाही. म्हणून शेपूट जोडा, 'फॉर द सीझन'. 'वुई हॅव शट अप शॉप फॉर द सीझन', झालं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो परत तुमच्याचकडे किंगफिश खायला येणार. तसंच मासेमारीबंदीचं, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात तेव्हा मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर शुकशुकाट असतो, पण म्हणून मासेमारीचा धंदा 'शट अप शॉप' झाला असं कोणी म्हणणार नाही, तिथे 'बॅन' आणि 'सस्पेंडेड' हे शब्द.

आणि कायमचं बंद झालं असेल तर 'फॉर गुड' लावायचं. हा 'गुड' फसवा आहे बरं, त्यात चांगलं काहीच नाही, 'फॉर गुड' म्हणजे कायमचं. 'दे हॅव शट अप शॉप फॉर गुड' हे मराठी करताना 'चांगल्यासाठी दुकान बंद केलं' असं लिहिलेलं मी छापलेल्या मजकुरात बघितलंय. तुम्ही नका लिहू.

एक मात्र ध्यानात ठेवा, बंद करणारा स्वतः काय शब्द वापरतो आणि खरं काय होतं यात बऱ्याचदा अंतर असतं. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालं, तेव्हा कंपनीचा शब्द होता 'टेम्पररिली सस्पेंड', म्हणजे तात्पुरतं थांबवतोय. ते तात्पुरतं काही संपलंच नाही आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या लिक्विडेशनचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायचा, आदेश दिला. गो फर्स्टचंही साधारण तसंच, मे २०२३ मध्ये विमानं थांबली ती आधी काही दिवसांपुरती, मग तारीख पुढे, परत पुढे. तेव्हा त्या दिवशीची बातमी लिहिताना कंपनीचाच शब्द ठेवायचा, 'तात्पुरती स्थगित केली असं कंपनीने सांगितलं', आपल्या पदरचा 'बंद पडली' घालायचा नाही, आणि पाच वर्षांनी मागे वळून लिहिताना मात्र खुशाल 'शट अप शॉप' म्हणा.

दुसरी पायरी: स्वतः बंद केलं, की कोणी करायला लावलं?

'शट अप शॉप' मध्ये कर्ता मालक असतो. तोच कुलूप लावतो. कंटाळून, म्हातारपण आलं म्हणून, पोरं पोर्तुगालला किंवा इंग्लंडला गेली आणि गल्ल्यावर बसायला कोणी उरलं नाही म्हणून, किंवा तोटा सोसवेना म्हणून, कारण काहीही असो. आपल्या गावातली कितीतरी जुनी पोसरी, म्हणजे छोटी दुकानं, अशीच बंद झाली, त्यात कोणाचं दिवाळं नाही की कोर्ट नाही. अशा माणसाबद्दल 'ही वेंट बस्ट' म्हणणं म्हणजे निव्वळ बदनामी. त्याला 'ही रिटायर्ड अँड शट अप शॉप' म्हणायचं, ऐकायलाही बरं आणि खरंही.

आता खाणींचं बघा, कारण गोव्यातल्या इंग्रजी बातम्यांत गेली बारा-पंधरा वर्षं हाच विषय फिरून फिरून येतो. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, मग ७ फेब्रुवारी २०१८ ला कोर्टाने नूतनीकरण केलेली ८८ लीज रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून परत सगळं ठप्प. इथे 'माईन्स शट अप शॉप' म्हटलं तर वाटतं खाणमालक एक दिवस उठले आणि म्हणाले पुरे झालं आता. तसं झालेलं नाही. इथे 'मायनिंग केम टू अ हॉल्ट', 'वॉज हॉल्टेड', 'वॉज बॅन्ड' असंच येतं, म्हणजे बाहेरून थांबवलं गेलं.

पण त्याच खाणींच्या जिवावर डिचोली, साखळी, उसगाव, कुडचडे, सावर्डे या पट्ट्यात जे टायरवाले, गॅरेजवाले, स्पेअर पार्टवाले, ट्रक ड्रायव्हरांना जेवण घालणाऱ्या खानावळी होत्या, त्यांना कोर्टाने बंद करा म्हणून सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईकच उरलं नाही म्हणून त्यांनी स्वतः शटर ओढलं. त्यांच्यासाठी 'शट अप शॉप' एकदम चपखल. मनाविरुद्ध झालं हे सांगायचं असेल तर पुढे 'फोर्स्ड टू' किंवा 'हॅड टू' लावा, 'मेनी गॅरेजेस हॅड टू शट अप शॉप आफ्टर द मायनिंग बॅन'. एकाच बातमीत दोन वेगळे शब्द आले ते उगाच नाहीत, खाणीला एक आणि गॅरेजला दुसरा, हे कळलं की निम्मं काम झालं.

आणखी एक प्रकार, धंदा एका गावातून उठतो पण दुसरीकडे चालूच असतो. आमच्या आजोबांच्या पिढीला बांको नासियोनाल उल्त्रामारिनो चांगली आठवायची, पोर्तुगीज काळातली बँक, लोकांनी तिथे दागिने गहाण ठेवलेले. डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि बँकेचा इथला कारभार संपला, दागिने मात्र लिस्बनला गेलेले ते परत यायला १९९१ उजाडलं. आता ही बँक 'वेंट बस्ट' झाली का? अजिबात नाही, मकावमध्ये त्या नावाची बँक अजून नोटासुद्धा काढते. अशा वेळी 'पुल्ड आउट ऑफ गोवा' किंवा जरा ऑफिशियल सुरात 'सीज्ड ऑपरेशन्स इन गोवा'. मराठीत यासाठी आपला 'गाशा गुंडाळला' मस्त बसतो. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवायचं बंद करतोय म्हणून जाहीर केलं, तिथेही हेच, फोर्ड कंपनी जगात आहेच, इथला गाशा गुंडाळला. 'फोर्ड हॅज शट अप शॉप' एवढंच लिहिलंत तर अर्धं खोटं, पुढे 'इन इंडिया' पाहिजेच.

तिसरी पायरी: पैशाचं काय झालं?

इथे जरा जास्त वेळ थांबू, कारण खरी फजिती इथेच होते. 'शट अप शॉप' पैशाबद्दल काहीच सांगत नाही. ज्यांचं देणं होतं त्यांचे पैसे बुडाले की फिटले हे त्यातून कळत नाही. ते सांगायला वेगळी फौज आहे.

'गो बस्ट' म्हणजे पैसे संपले, दिवाळं निघालं. बोलीतला, पण पेपरातही चालतो. 'गो अंडर' म्हणजे अगदी आपला 'धंदा बुडाला', पाण्याखाली गेला, दोन्ही भाषांना एकच सुचलं. 'गो बेली अप' हा अमेरिकेकडचा, मेलेला मासा पोट वर करून तरंगतो त्यावरून, आणि मासळी खाणाऱ्या आपल्या लोकांना हा समजावून सांगायला लागत नाही. पण हा जरा टिंगलीच्या सुरातला आहे, ज्याचा धंदा बुडालाय त्याच्या तोंडावर वापरायचा नाही, ऑफिसच्या ईमेलमध्ये तर नाहीच. 'गो टू द वॉल' ब्रिटिश पेपरांत दिसतो. 'फोल्ड' हा छोटा शब्द नाटक कंपनी, मासिक, स्टार्टअप यांच्यासाठी फार वापरतात, 'द मॅगझीन फोल्डेड आफ्टर टू इयर्स'.

थॉमस कूकचं उदाहरण गोव्यातल्या हॉटेलवाल्यांना विसरता येणार नाही. १८४१ पासूनची ब्रिटिश ट्रॅव्हल कंपनी, २३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कोसळली, जगभर फिरायला गेलेले दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी अडकले आणि त्यांना घरी न्यायला ब्रिटिश सरकारला विमानं पाठवावी लागली. गोव्याचा सीझन तोंडावर आलेला आणि ब्रिटनहून चार्टरने येणारं नेहमीचं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. तेव्हाच्या इंग्रजी बातम्यांत काय शब्द होते बघा: 'कोलॅप्स्ड', 'वेंट बस्ट', 'वेंट अंडर', 'वेंट इंटू लिक्विडेशन'. 'शट अप शॉप' इथे फारच सौम्य वाटतं, जणू कंपनीने शांतपणे आवराआवर करून किल्ल्या दिल्या.

आणि दुसरी गंमत म्हणजे थॉमस कूक इंडिया. नाव तेच, पण २०१२ पासून तिची मालकी कॅनडाच्या फेअरफॅक्स ग्रुपकडे, ब्रिटिश कंपनीशी मालकीचा संबंध नाही, ती अगदी ठणठणीत चालू होती आणि आमचा काही संबंध नाही हो असं तिला जाहीर सांगत बसावं लागलं. म्हणून नुसतं क्रियापद बरोबर असून भागत नाही, कर्ता कोण हेही बघायचं. 'द ब्रिटिश कंपनी वेंट बस्ट', एवढा एक शब्द पुढे जोडला असता तर बुकिंग केलेल्या कितीतरी लोकांची झोप उडाली नसती.

आता 'बँकरप्ट'. आपण सर्रास कुठल्याही कंपनीला 'बँकरप्ट झाली' म्हणतो. अमेरिकेत माणूस आणि कंपनी दोघांनाही चालतं. इंग्लंडच्या कायद्यात मात्र 'बँकरप्ट' होतो तो माणूस, कंपनी 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'मध्ये किंवा 'लिक्विडेशन'मध्ये जाते. इथला 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' म्हणजे प्रशासन नव्हे हां, कंपनीचा कारभार बाहेरच्या माणसाच्या हातात देतात, वाचवता आली तर वाचवायची, नाही तर विकायची. 'कंपनी प्रशासनात गेली' असं मराठी केलं तर वाचणाऱ्याला वाटेल मालक मामलतदार झाला.

भारतात २०१६ चा इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड आहे. कंपनीवर या कायद्याखाली केस दाखल झाली म्हणजे ती बंद झाली असं नाही. आधी वाचवायचा प्रयत्न होतो, कोणी विकत घेणारा मिळतो का ते बघतात, नाहीच जमलं तर लिक्विडेशन, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची. तेव्हा 'अ‍ॅडमिटेड टू इन्सॉल्व्हन्सी' या शब्दांवर 'कंपनीला टाळं' असा मथळा देऊ नका, कामगार दुसऱ्या दिवशी गेटवर उभे असतात आणि कारखाना चालूच असतो.

अमेरिकन बातमीतला 'चॅप्टर इलेव्हन', म्हणजे तिथल्या दिवाळखोरीच्या कायद्याचं अकरावं प्रकरण, पण असाच. नवख्याला वाटतं संपलं सगळं. जनरल मोटर्सने १ जून २००९ ला चॅप्टर इलेव्हनखाली अर्ज केला आणि जुलैमध्ये नवी कंपनी बाहेर पडून कामाला लागलीसुद्धा. कोडॅक जानेवारी २०१२ मध्ये गेली, पुढच्या वर्षी सप्टेंबरात बाहेर आली. उलट लेहमन ब्रदर्सने १५ सप्टेंबर २००८ ला याच चॅप्टरखाली अर्ज केला आणि ती परत उभी राहिली नाही. म्हणजे चॅप्टर इलेव्हन ही संरक्षण मागायची पद्धत, त्यातून कंपनी तरेल की बुडेल ते नंतर कळतं. सरळ बंद करून विकायचं असेल तर तिथे 'चॅप्टर सेव्हन' असतो.

'वाइंड अप' राहिला. हा शांत आणि व्यवस्थित शब्द, हिशोब पूर्ण करून, देणी देऊन, कागद रीतसर बंद करून काम संपवणं. उच्चार 'वाइंड', 'विंड' नव्हे, विंड म्हणजे वारा. भूतकाळ 'वाऊंड अप', आणि स्पेलिंग जखमेच्या 'वूंड'सारखंच असल्यामुळे वाचताना जीभ घसरते. सीएच्या ऑफिसात असाल तर लक्षात ठेवा, वाइंडिंग अप होतं ते कंपनीचं. बंद पडून राहिलेल्या छोट्या कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढतात त्याला 'स्ट्राइक ऑफ'. आणि एका मालकाचं साधं दुकान असेल तर त्याला वाइंडिंग अप वगैरे काही नसतं, जीएसटी नोंदणी रद्द करायचा अर्ज, मग तीन महिन्यांच्या आत शेवटचं रिटर्न, पंचायतीचं किंवा पालिकेचं ट्रेड लायसन्स परत करणं, दारू विकत असेल तर एक्साइजला कळवणं, एवढंच. त्या क्लायंटच्या पत्रात सरळ 'हॅज क्लोज्ड द बिझनेस' लिहा. 'शट अप शॉप'सुद्धा सरकारी पत्रात नको, तो बोलण्यातला आणि बातमीतला प्रयोग, खात्याला पाठवायच्या कागदावर शोभत नाही.

लिलावाचं एक जाता जाता. किंगफिशर एअरलाइन्स ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली आणि तिच्या मालकाचा कांदोळीचा तो प्रसिद्ध व्हिला बँकांनी विकायला काढला, किती वेळा लिलाव ठेवला तरी कोणी घेईना, शेवटी २०१७ मध्ये विकला गेला. अशा बातमीत 'वेंट अंडर द हॅमर' येतं, म्हणजे लिलाव झाला. हातोड्याने पाडलं नव्हे.

वाक्यात बसवताना

नियम फार नाहीत, पण आहेत ते पाळा. 'शट' तिन्ही काळांत 'शट'च राहतो, 'शटेड' असं काही नसतं. 'शी शट्स अप शॉप अ‍ॅट एट', 'दे शट अप शॉप लास्ट इयर', 'द कंपनी हॅज शट अप शॉप', 'ते बंद करतायत' असेल तर 'दे आर शटिंग अप शॉप'. 'शॉप'च्या आधी 'द' नाही, 'हिज' नाही, काही नाही. 'ही शट अप द शॉप' म्हटलं की खरंखुरं ते एक दुकान बंद केलं असा अर्थ होतो, वाक्प्रचार राहत नाही. 'शॉप्स' असं अनेकवचनही नाही, पन्नास दुकानं बंद झाली तरी 'फिफ्टी ट्रेडर्स शट अप शॉप'. आणि उलटा प्रयोग, 'शॉप वॉज शट अप', तो तर करूच नका.

भारतीय इंग्रजी पेपरांत 'अप' गाळून 'शट शॉप' लिहायची पद्धत पडलीय, 'स्टार्टअप शट्स शॉप' असे मथळे रोज दिसतील. इथे चालतं, सगळ्यांना कळतं, मथळ्यात जागाही वाचते. पण ब्रिटिश गिऱ्हाइकाला पाठवायच्या ईमेलमध्ये 'अप' ठेवा. अमेरिकन लोक तर 'शटर' याचंच क्रियापद करतात, 'द स्टोअर वॉज शटर्ड', हे फक्त वाचून समजलं तरी पुरे.

शटरवरून आठवलं, यात मोठी मजा आहे. जुन्या इंग्लंडात दुकानाच्या काचेवर रात्री लाकडी फळ्या उचलून बसवायचे, म्हणून तिकडे 'पुट अप द शटर्स' म्हणजे बंद करणं. आपल्याकडे लोखंडी शटर वरून खाली येतं, म्हणून आपल्या पेपरांत 'डाऊन शटर्स', 'शॉपकीपर्स डाऊन्ड देअर शटर्स', विशेषतः बंद पुकारला की. एकाचं वर आणि एकाचं खाली, अर्थ एकच. ब्रिटिश मजकुरात 'पुट अप द शटर्स' बघून 'अरे वा, दुकान उघडलं' असं वाटून घेऊ नका. शिवाय बंदच्या दिवशी दुकानदारांनी शटर ओढलं तर ते निषेध म्हणून, तिथे 'शट अप शॉप' बसत नाही, 'डाऊन्ड शटर्स'च बरं.

आता फुटबॉल, गोव्यात बसून फुटबॉलचा उल्लेख टाळला तर लोक माफ करणार नाहीत. फातोर्ड्याला मॅच चाललीय, आपली टीम एक-शून्यने पुढे, पंधरा मिनिटं उरलीत, कोचने फॉरवर्ड काढून डिफेंडर आत घेतला आणि इंग्रजी कॉमेंटेटर म्हणाला 'दे हॅव शट अप शॉप'. म्हणजे काय, क्लब बंद झाला? नाही हो, आता गोल करायचं सोडून गोल होऊ द्यायचा नाही एवढंच बघतायत, मागे येऊन दारं लावून बसलेत. क्रिकेटमध्येही बॅट्समन धावांच्या मागे न लागता नुसती विकेट सांभाळत बसला की हेच म्हणतात. उलट २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे गोव्याचे तीन क्लब आय-लीग या देशाच्या लीगमधून बाहेर पडले, तेव्हा काही जणांनी गोव्याच्या फुटबॉलने दुकान बंद केलं असा सूर लावला, पण खरा शब्द 'पुल्ड आउट' किंवा 'विथड्रू' होता. एका लीगमधून माघार घेणं आणि क्लब बंद करणं यात केवढा फरक. ज्या धेंपोने पाच वेळा देशाची लीग जिंकली ती राज्याच्या लीगमध्ये खेळतच होती.

चुलतभावंडं ओळखून ठेवा

'सेट अप शॉप' म्हणजे बरोबर उलटं, दुकान थाटणं, बस्तान बसवणं. हाही दुकानापुरता नाही, दिल्लीहून येऊन आसगावात आर्किटेक्टने ऑफिस टाकलं तरी 'शी सेट अप शॉप इन आसगाव'. 'टॉक शॉप' म्हणजे पार्टीतसुद्धा कामाच्याच गप्पा मारणं. 'क्लोज्ड शॉप' हे बघून फसू नका, ते बंद दुकान नाही, ज्या कारखान्यात ठरावीक युनियनचा सभासद असल्याशिवाय काम मिळत नाही त्याला म्हणतात. आणि 'लॉकआउट' म्हणजे मालकाने कामगारांना बाहेर ठेवून टाळं लावणं, ते भांडणातलं हत्यार आहे, उद्या तडजोड झाली की गेट उघडतं.

बोर्ड लिहायचा असेल तर

हे शेवटी ठेवलंय पण रोज लागणारं हेच. दुकानाच्या दारावर लावायच्या कागदावर वाक्प्रचार नकोत, साधं लिहा. दुपारचं असेल तर 'क्लोज्ड, ओपन अगेन अ‍ॅट फोर'. चतुर्थीला दीड दिवस, पाच दिवस जेवढं बंद ठेवणार तेवढं सांगून पुढे उघडायची तारीख घाला, बाहेरच्या माणसाला चतुर्थी म्हणजे किती दिवस ते ठाऊक नसतं. रंगकाम चालू असेल तर 'क्लोज्ड फॉर रेनोव्हेशन', आणि खरंच रेनोव्हेशन असेल तरच, कारण कितीतरी बुडालेल्या रेस्टॉरंटांच्या दारावर हाच कागद वर्षानुवर्षं पिवळा पडत असतो आणि लोकांना आता त्याचा दुसरा अर्थ कळायला लागलाय.

कायमचं बंद करताना माल काढायचा असेल तर 'क्लोजिंग डाऊन सेल', अमेरिकन धाटणीत 'गोइंग आउट ऑफ बिझनेस सेल'. नुसता जुना स्टॉक काढायचाय, दुकान चालूच ठेवायचंय, तर 'क्लिअरन्स सेल', नाही तर उधारी असलेले सगळे व्यापारी सकाळी दारात हजर होतील. जुन्या गिऱ्हाइकांचे आभार मानायचे तर 'थँक यू फॉर युअर कस्टम ऑल दीज इयर्स', इथे 'कस्टम' म्हणजे गिऱ्हाइकी, दाबोळी विमानतळावरचं कस्टम्स नव्हे. आणि दुकान बंद नाही, नुसतं हलवलंय, तर 'वुई हॅव मूव्हड' हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, त्याखाली नवीन पत्ता, जवळची खूण, चर्च, देऊळ, पिंपळ जे असेल ते. 'क्लोज्ड' हा शब्द त्या कागदावर कुठेच नको, लोक पहिला शब्द वाचून स्कूटर वळवतात.